बेळगावात सीएनजी छोट्या गाडीचं वेटिंग आणि ऑनरोडचा हिशोब, कुठं किती कमी करून घेता येतं?

खानापूर_माळ

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले, घरात पहिलीच चारचाकी घ्यायचं ठरलंय. छोटी हॅचबॅक, एक लिटरचं इंजिन, कंपनी फिटेड सीएनजी, मधलं व्हेरियंट, रंग पांढरा नाहीतर करडा. गाडीचं आणि शोरूमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बेळगावात मोजकीच शोरूम आहेत, उगाच कुणावर रोख जायला नको.

२२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यावर आला तेव्हापासनं आबा मागं लागलेत की आता घ्यायचीच. आईचे गुडघे धरलेत, बेळगावला दवाखान्यात न्यायचं म्हणजे बसची चढउतार तिला आता होत नाही, त्यामुळं घाई आहे हे खरं आहे. आणि ही घाई शोरूमवाल्याला लगेच दिसते असं वाटायलंय.

कोटेशन असं दिलंय. एक्स शोरूम ६,४२,०००, रोड टॅक्स ९९,७००, इन्शुरन्स ३९,५००, ॲक्सेसरी किट २४,०००, एक्सटेंडेड वॉरंटी १२,५००, हँडलिंग चार्ज ८,५००, फास्टॅग आणि इतर १,८००. सगळं मिळून ऑनरोड ८,२८,०००. डिस्काउंट विचारला तर म्हणतात "सर, गाड्याच मिळंना झाल्यात, डिस्काउंट कुठला". वेटिंग दोन अडीच महिने सांगायलेत. पण किट पूर्ण घेतलं तर मॅनेजर साहेबांना सांगून तीन आठवड्यात बघतो असंही हळूच म्हणाले. म्हणजे गाडी आहे की नाही तेच कळंना.

विचारायचं असं की यातलं काय काय कमी होऊ शकतं, आणि हुबळी नाहीतर कोल्हापूरला जाऊन बघावं काय? माझे मामा चंदगड तालुक्यात असतात, ते म्हणायलेत माझ्या नावावर एमएच ०९, म्हणजे कोल्हापूरचं पासिंग कर, टॅक्समध्येच चाळीस पन्नास हजार वाचतील. असं केलेलं चालतं काय? कुणी नुकतीच घेतली असेल तर नीट सांगा ओ, आबांचे ऊसबिलाचे पैसे आहेत, वरचं कर्ज काढणार आहे.

टिळकवाडी_केए२२

भाऊ, आधी ८,२८,००० हा आकडा डोक्यातनं काढून टाका, ऑनरोड म्हणून एकच आकडा धरून बोलायला लागलात की सेल्समन "चला सर तुमच्यासाठी पाच हजार कमी" म्हणतो आणि आपण खूश होऊन येतो. एकेक ओळ वेगळी धरा.

एक्स शोरूम कंपनी ठरवते, त्यात फक्त कंपनीची स्कीम आणि डीलरनं स्वतःच्या मार्जिनमधनं सोडलेली रक्कम एवढंच हलतं. सध्या मागणी आहे म्हटल्यावर तिथं फार काही मिळणार नाही, पण जे मिळेल ते टॅक्स इनव्हॉइसवर छापून मागा, नंतर खात्यावर टाकतो हे ऐकू नका. रोड टॅक्स सरकारचा. कर्नाटकात ५ ते १० लाखाच्या गाडीला लाइफटाइम टॅक्स १४ टक्के आणि त्या टॅक्सवर पुन्हा ११ टक्के सेस, म्हणजे साडेपंधराच्या वर जातंय. ६,४२,००० ला तेवढाच येतो, त्या ओळीत त्यांनी काही घातलेलं नाही.

आता खरी जागा इन्शुरन्स. ३९,५०० एक लिटरच्या गाडीला खूप झालं. त्यातला थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) भाग सरकारनं ठरवलेला असतो, नव्या गाडीला एकदम तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, १००० सीसीच्या आतल्या गाडीला तो ६,५२१ रुपये अधिक जीएसटी. त्याच्यावरचं सगळं ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग) आणि ॲडऑन (वरची जादा कव्हरं), आणि तिथंच डीलरचं कमिशन बसलेलं असतं. तुम्ही काय करा, त्यांच्याकडनं पॉलिसीचं कोटेशन ब्रेकअपसकट मागून घ्या, आयडीव्ही (विम्यात गाडीची धरलेली किंमत) किती, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) आहे काय, इंजिन प्रोटेक्ट, कन्झ्युमेबल, रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी गेलीच तर बिलाएवढी भरपाई) कुठलं कुठलं घातलंय. मग तेच ॲडऑन, तोच आयडीव्ही धरून ऑनलाइन किंवा गावातल्या एजंटाकडनं दर काढा. नव्या गाडीचा आयडीव्ही एक्स शोरूमच्या ९५ टक्के धरतात, कुणी आयडीव्ही खाली आणून स्वस्त दाखवला तर ते स्वस्त नव्हे. ही तुलना छापून टेबलावर ठेवली की शोरूमवाला आपोआप खाली येतो, नाही आला तर बाहेरनं घ्या, डीलरकडनंच इन्शुरन्स घ्या अशी सक्ती नाही. बाहेरची पॉलिसी असली तर कॅशलेस होणार नाही म्हणून घाबरवतात, त्या वर्कशॉपचं नाव कंपनीच्या कॅशलेस यादीत आहे का एवढं बघा, संपला विषय.

आणखी एक, १५ लाखाचा पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर तुमच्या नावावर आधीच दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीत असेल, बाइकच्या असला तरी, तर परत घ्यायची गरज नाही.

हँडलिंग चार्ज ८,५०० हे सरकारी काही नाही. थेट म्हणायचं की हे कुठल्या नियमानं आहे ते लेटरहेडवर लिहून द्या. बहुतेक वेळा तिथंच कमी होतं नाहीतर निघूनच जातं. किटमध्ये मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप, बाजूची पट्टी, देवाची मूर्ती, परफ्यूम असलं भरलेलं असतंय, कॅम्पातल्या नाहीतर खडेबाजारातल्या दुकानात यातलं निम्मं निम्म्या भावात बसवून मिळतं. मॅट आणि मडफ्लॅप तेवढे कंपनीचे घ्या, मापाला बसतात. एक्सटेंडेड वॉरंटी मी काढायला सांगेन, पण ती गाडी घेताना त्याच दिवशीच घेतली पाहिजे असं नसतं, मूळ वॉरंटी संपायच्या आत नंतरही घेता येते, फक्त नंतर दर जरा चढतो. तेव्हा ती वाटाघाटीत शेवटाला ठेवा, "वॉरंटी तुमच्याकडनं घेतो, हँडलिंग काढा" असं.

निपाणीकर_०९_२३

मामांच्या नावाचं मी सांगतो, आमच्याकडं निपाणीत हे रोजचं आहे, कोगनोळी नाका ओलांडला की एमएच, अलीकडं केए, निम्मी पाव्हणेमंडळी पलीकडं. टॅक्स कमी आहे हे खरंच, महाराष्ट्रात सीएनजीला १० लाखाच्या आत ८ टक्के, म्हणजे तुमच्या गाडीला ५१ हजार. फरक ४८ हजाराचा. माणसाला मोह होणारच.

पण गाडी राहणार कुठं, खानापुरात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४० प्रमाणं गाडी जिथं कायम ठेवली जाते त्या राज्यात पासिंग करायची असते, आणि दुसऱ्या राज्यात १२ महिन्याच्या वर ठेवली की कलम ४७ प्रमाणं नवीन नंबर घ्यावा लागतो. म्हणजे वर्षानं कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), इकडं वयाप्रमाणं थोडा कमी होऊन का असेना कर्नाटकचा टॅक्स पुन्हा भरायचा, आणि तिकडचा भरलेला परत मिळवायला आरटीओत हेलपाटे. एमएच पाटीची गाडी रोज त्याच रस्त्यावर दिसली की अडवतात. आणि कर्ज काढणार म्हणता, मग गाडी मामांच्या नावावर तर कर्ज कुणाच्या नावावर? क्लेम कोण करणार? उद्या अपघात झाला, गाडी मामांची, चालवणारे तुम्ही, राहणार तिसरीकडं, सगळे कागद मामांना घेऊन फिरायला लागतील. मामा चांगले असतील, पण त्यांच्या मुलांना पुढं या कागदाचं काय वाटंल ते आज सांगता येत नाही. ४८ हजारासाठी नात्यात हा गुंता घालू नका, कळकळीनं सांगतो.

कोल्हापूरला गाडी घेऊन केए २२ ला, म्हणजे बेळगावला पासिंग करणं कायदेशीर आहे, टेम्पररी नंबरवर आणायची, टॅक्स इकडं भरायचा. पण मग टॅक्स वाचला कुठं? फक्त तिथं डिस्काउंट जास्त असेल किंवा गाडी तयार उभी असेल तरच अर्थ आहे. त्यापेक्षा हुबळी बघा. राज्य एकच, त्यामुळं टेम्पररीची भानगड नाही, हुबळीचा डीलर तुमच्या पत्त्यावर केए २२ ला पासिंग करून देऊ शकतो. हुबळी धारवाडला शोरूम जास्त, एकमेकांत चढाओढ पण जास्त. मेलवर कोटेशन मागवा, जायची पण गरज नाही, आणि ते कोटेशन बेळगावच्या मॅनेजरपुढं ठेवा.

मराठा_लाइट

घरात कोणी फौजेत आहे किंवा रिटायर आहे काय? बेळगाव खानापूरच्या प्रत्येक गावात असतोच म्हणून विचारतो. सीएसडीमधनं, म्हणजे फौजेच्या कँटीनमधनं घेतली तर जीएसटी निम्मा लागतो, इतका मोठा डिस्काउंट कुठलाच डीलर देणार नाही. कँटीनच्या एएफडी पोर्टलवर तुमचं मॉडेल व्हेरियंट यादीत आहे का बघा, सगळी व्हेरियंट नसतात. अट एकच, गाडी त्या फौजीच्याच नावावर होते आणि त्यालाच वापरायला असते, दुसऱ्यासाठी नाव वापरायचं नाही, त्यात त्याची पेन्शन कार्ड सगळं अडकतं. सख्ख्या घरातला असेल आणि गाडी घरात राहणार असेल तरच.

खानापूर_माळ

सगळ्यांचे आभार. मामांचा विषय आजच घरात बोलून बंद केला, निपाणीकरांचं वाचून दाखवलं, आबांना पटलं. फौजी भाऊबंद आहेत पण सख्खे नाहीत, तेव्हा ते पण नको.

हुबळीवरनं मेलवर कोटेशन आलं, तिथं हँडलिंग नाहीच, इन्शुरन्स ३१ हजार, किटची सक्ती नाही म्हणायलेत, वेटिंग मात्र तेवढंच. आता मुख्य प्रश्न वेटिंगचा. किट घेतलं तर तीन आठवडे, नाहीतर अडीच महिने, हे असं कसं असू शकतं? गाडी कंपनीतनं येते की किटमधनं?

गोदाम_ते_गेट

मी काही वर्षं एका शोरूमच्या स्टॉकयार्डात काम केलंय, बेळगावात नव्हे आणि आता त्या लायनीत नाही, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

गाडी कंपनीतनं तुमच्या नावानं येत नाही. डीलर महिन्याला ऑर्डर टाकतो, कंपनी व्हेरियंट आणि रंगाप्रमाणं त्यातलं जेवढं आहे तेवढं पाठवते, आली की यार्डात चेसिस नंबरनं (गाडीवर कोरलेला तिचा स्वतःचा नंबर) उभी राहते. मग शोरूमचा मॅनेजर बुकिंगची यादी घेऊन बसतो आणि कुठली चेसिस कुणाला ते ठरवतो. कागदावर यादी तारखेनं असते, प्रत्यक्षात ज्याचं फायनान्स तिथंच झालंय, ज्यानं किट घेतलंय, इन्शुरन्स तिथंच काढलाय, तो वर सरकतो, कारण त्या गाडीवर शोरूमला जास्त सुटतं. म्हणून तीन आठवडे आणि अडीच महिने दोन्ही खरं असू शकतं. गाडी येणार आहेच, कुणाला द्यायची एवढाच प्रश्न असतो.

आता यातनं वाट कशी काढायची. दर महिन्याला काही बुकिंग गळतात. कुणाचं लोन रिजेक्ट होतं, कुणाच्या घरात काहीतरी होतं, कुणी दुसरी गाडी घेतो. आलेली गाडी यार्डात उभी राहिली की डीलरच्या डोक्यावर व्याज चढतं, कारण त्यानं ती बँकेच्या पैशानं उचललेली असते, शिवाय महिनाअखेरीचं टार्गेट. अशा वेळी मॅनेजर फोन कुणाला करतो? ज्याचे पैसे तयार आहेत त्याला. तेव्हा तुम्ही आधी कर्जाचं सँक्शन लेटर हातात घ्या, बँकेचं असो नाहीतर सोसायटीचं. दोन रंग सांगून ठेवा, तिसरा चालत असेल तर तोही. आणि सेल्समनला नव्हे, सेल्स मॅनेजरला जाऊन समोर सांगा की पैसे तयार आहेत, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कॅन्सल झालेली गाडी असेल तर दोन दिवसात डाउन पेमेंट करून बिल करतो. पांढऱ्याला मागणी सगळ्यात जास्त, त्यात टुरिस्टवाल्यांची भर, त्यामुळं करडा किंवा निळा घेतलात तर लवकर येईल.

बुकिंग फॉर्मवर चार गोष्टी शाईनं लिहून घ्या. व्हेरियंट आणि रंग, अंदाजे डिलिव्हरी महिना, बुकिंग रद्द केलं तर किती कापणार आणि किती दिवसात परत, आणि ॲक्सेसरी "ऐच्छिक". फॉर्मच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू. कंपन्या जानेवारीत भाव वाढवतात बऱ्याचदा, तेव्हा डिसेंबरात अडकून जानेवारीत गाडी आली तर फरक तुमच्या खिशातनं. हे आधीच बोलून घ्या, त्यांच्यामुळं उशीर झाला तर जुना भाव असं लिहून देत असतील तर उत्तम, नसतील तर बुकिंगची रक्कम कमीत कमी ठेवा, पन्नास हजार वगैरे आधीच भरू नका. पैसे त्यांच्याकडं गेले की तुमचं बोलणं मऊ होतं.

आणि जानेवारीत गाडी घेतली तर मॅन्युफॅक्चरिंग मागच्या वर्षीचं आहे का ते विचारा. आरसीवर महिना आणि वर्ष छापून येतं, विकताना एक वर्ष जुनी धरली जाते. तशी गाडी देत असतील तर डिस्काउंट मागायचा हक्कच आहे, आणि तो द्यायला ते तयार पण असतात. दहा वर्षं वापरणार असाल तर ती घ्यायला हरकत नाही.

पितृपंधरवड्यात कुणी गाडी घेत नाही, तेव्हा भाव सगळ्यात चांगला मिळतो, दसरा पाडव्याला सगळ्यात वाईट. मुहूर्ताची डिलिव्हरी हवी असेल तर बिल आधी करून पूजा त्या दिवशी करा, त्यानं काही बिघडत नाही.

कोर्टाजवळ

वकिलांच्या ऑफिसात आहे म्हणून एवढंच. एक वस्तू घ्यायची असेल तर दुसरी घेतलीच पाहिजे अशी अट घालणं याला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये रिस्ट्रिक्टिव्ह ट्रेड प्रॅक्टिस म्हटलंय, कलम २(४१). किटशिवाय गाडी नाही म्हणणं त्यात बसतं. भांडायला जायची गरज नसते, "किटशिवाय गाडी देणार नाही हे मेलवर कळवा" अशी एक मेल टाका, उत्तर बहुतेक वेळा बदलून येतं. नाही आलं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत कन्नडमध्ये पण बोलता येतं, आणि कंपनीच्या कस्टमर केअरला त्याच तक्रारीची प्रत. पावती, कोटेशन, व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवा. तोंडी कबुलीला काही अर्थ नाही.

चिक्कोडी_रस्ता

एक उलटा प्रश्न विचारू काय दादा, सीएनजी कशाला? महिन्याला गाडी किती फिरणार? आईला बेळगावला न्यायचं, लग्नकार्य, कधी कोल्हापूर, म्हणजे सात आठशे किलोमीटर धरू. सीएनजीला पेट्रोलपेक्षा नव्वद हजाराच्या आसपास जास्त मोजायला लागतात, किलोमीटरमागं दोनेक रुपये वाचतात, म्हणजे ते नव्वद हजार निघायलाच पाच वर्षं. वर डिकीत सिलिंडर, आईसाठी व्हीलचेअर किंवा वॉकर कधी ठेवायचं म्हटलं तर जागा नाही. तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची तपासणी. पंपावर रांग. पेट्रोलचं वेटिंग कमी असतं आणि डिस्काउंट पण त्यातच जास्त असतो. रोज बेळगावला नोकरीला जाणार असाल तर सीएनजीच घ्या, नाहीतर पेट्रोलचं कोटेशन एकदा मागून बघा. माझ्या मेव्हण्यानं सीएनजीसाठी थांबून थांबून शेवटी पेट्रोल घेतली आणि म्हणतो आधीच घेतली असती तर दिवाळी गाडीतनं झाली असती.

खानापूर_माळ

व्हीलचेअरचं डोक्यातच आलं नव्हतं. आईला पुढं ऑपरेशन सांगितलंय, त्यानंतर वॉकर लागणारच. पेट्रोलचं विचारलं, तर त्याच शोरूममध्ये करड्या रंगाची गाडी यार्डात उभी आहे म्हणे, हुबळीचं कोटेशन दाखवल्यावर मॅनेजरच बोलायला आले. हँडलिंग काढलं, इन्शुरन्स ३१,५०० वर आणला तोच आयडीव्ही तेच ॲडऑन ठेवून, किट नको म्हटल्यावर फक्त मॅट आणि मडफ्लॅप, आणि वर कंपनीची स्कीम म्हणून १५ हजार इनव्हॉइसवर. सँक्शन लेटर सोसायटीचं आलंय. गाडी बघून मग पैसे भरतो असं सांगितलंय. बघताना काय काय बघायचं?

गोदाम_ते_गेट

बिल व्हायच्या आधी बघायला जा, आणि दिवसा जा, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली रंगातलं काही दिसत नाही. धुवायच्या आधी बघायला मिळाली तर फारच बरं. चेसिस नंबर कागदाशी जुळवा, मॅन्युफॅक्चरिंग महिना विचारा, दोन तीन महिन्यांच्या वर उभी असेल तर टायर एका जागी बसलेत का, बॅटरी मरगळलीय का, वायपरचं रबर कडक झालंय का ते बघा. पाची टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, सगळे जवळपासचे असले पाहिजेत. काचांवर पण वर्षाची खूण असते, एकच काच वेगळी असेल तर ती का बदलली विचारा. दाराच्या कडा, बंपरच्या कोपऱ्यावर बोट फिरवा, ट्रकमधनं उतरवताना तिथंच घासते. किलोमीटर पन्नासच्या आत असावं, शंभराच्या वर असेल तर टेस्ट ड्राइव्हला वापरली का म्हणून स्पष्ट विचारा. बॉनेट उघडून बोल्टांवरचा रंग उडालाय का बघा. एसी चालू करून दहा मिनिटं उभी ठेवा, रिव्हर्स सेन्सर, सगळ्या काचा, दोन्ही चाव्या.

सगळं ठीक असेल तर त्या चेसिस नंबरचा फोटो काढून मॅनेजरला व्हॉट्सॲपवर पाठवा, "हीच गाडी माझ्या नावावर बिल करा" म्हणून. मग सोसायटीचा चेक द्या.